ताप उतरल्यानंतर

विषाणूचा आजार म्हणजे विषाणूने केलेलं नुकसान, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. विषाणू शरीरात शिरतो, पेशींची नासधूस करतो, प्रतिकारसंस्था त्याला हुसकावून लावते, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. त्यानंतरही महिनोन्‌महिने कोणी "डोकं चालत नाही", "कशातच मन लागत नाही" म्हणत राहिलं, तर त्याचा तापाशी संबंध लावायचा नाही. तो त्या माणसाच्या स्वभावाचा किंवा परिस्थितीचा प्रश्न. सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक म्हणून वर्गात मी हेच शिकवलं आणि घरातही हेच बोलले. आता माझं मत असं राहिलेलं नाही. ते कशाने बदललं, किती बदललं आणि कुठे मी अजून हात राखून आहे, हे एकदा सविस्तर मांडायचं मनात होतं.

जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. मेंदू हा प्रतिकारसंस्थेच्या दृष्टीने राखीव प्रदेश आहे, असं आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकात वाचलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातल्या बहुतेक गोष्टींना आत वाट मिळत नाही. पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत दुसऱ्या सशाच्या त्वचेचे बारीक तुकडे बसवले. अशी परकी त्वचा अंगावर लावली तर शरीर ती टाकून देतं. मेंदूत ती टिकली. हा प्रयोग मी दरवर्षी सांगत असे. फळ्यावर मेंदू, त्याच्याभोवती खडूची जाड रेघ आणि रेघेच्या बाहेर पांढऱ्या पेशी. मुलं आकृती उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तशीच काढायची.

त्या प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र माझ्या तासात येत नसे. त्याच दात्याची त्वचा आधी सशाच्या अंगावर लावून त्याची प्रतिकारसंस्था जागी केलेली असेल, तर मेंदूतला तुकडाही टिकत नाही. म्हणजे मेंदूतल्या परक्या वस्तूची खबर बाहेर सहज पोचत नाही. पण बाहेर ती खबर एकदा लागली की आत येऊन काम करायला प्रतिकारसंस्थेला अडचण पडत नाही. हे मेडावार यांच्याच निबंधात होतं. पाठ्यपुस्तकांनी पहिला भाग ठेवला आणि दुसरा गाळला, आणि मी पाठ्यपुस्तकाबरोबर गेले.

मग २०१५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात जोनाथन किपनिस यांच्या गटाने आणि त्याच सुमारास हेलसिंकीत कारी अलितालो यांच्या गटाने उंदराच्या मेंदूच्या आवरणांमध्ये लसिकावाहिन्या दाखवल्या. मेंदूला लसिकावाहिन्या नसतात, हे वाक्य तोवर मला तोंडपाठ होतं. पाओलो मास्कान्यी या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या पाहिल्याचं लिहून ठेवलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. मी ती बातमी वाचली, नोट्समध्ये एक ओळ वाढवली आणि पुढच्या धड्याकडे वळले. माहिती बदलली, मत होतं तिथेच राहिलं. ते हलायला घरातलं माणूस लागलं.

माझ्या धाकट्या जावेला २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, कोविड झाला. घरीच बरी झाली. ऑक्सिजन लागला नाही, दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. ती एका पतपेढीत हिशेब सांभाळते. कॉम्प्युटर आला तरी संध्याकाळी रोजकीर्द हाताने ताडून पाहायची तिची जुनी सवय. पेन्सिलीचं टोक आकड्यांच्या उभ्या रांगेवरून खाली सरकायचं आणि तळाशी पोचेपर्यंत बेरीज तयार असायची. पावसाळा सुरू झाल्यावर एकदा ती मला म्हणाली, "ताई, हातचा धरते आणि पुढच्या रकान्यावर जाईपर्यंत तो निसटतो. किती होता तेच आठवत नाही. मग परत वरून सुरू." तिने वही आणून दाखवली. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात हातचे लिहिलेले होते, काही ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेले. आजवर तिला हे कधी लिहावं लागलं नव्हतं. मी वही तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, "अगं, रिपोर्ट सगळे चांगले आलेत ना? मग मनावर घेऊ नकोस. जरा बाहेर पड, चार माणसांत मिसळ." ती "हो" म्हणाली. त्यानंतर त्या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला लागून राहिलं, आणि मी वाचायला घेतलं.

सगळ्यात आधी हाती आलं ते इंटरफेरॉन. हे प्रथिन माझ्या ओळखीचं होतं. त्याच्यावर मी पूर्ण तास घेत असे. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी ते १९५७ मध्ये लंडनमध्ये शोधलं. विषाणू शिरलेली पेशी ते सोडते आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. पुढे हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर तेच औषध म्हणून वापरलं जाऊ लागलं: आठवड्याला एक इंजेक्शन, सहा महिने किंवा जवळजवळ वर्षभर. मी जे शिकवत नव्हते ते असं, की हे औषध घेणाऱ्या साधारण चौघांतल्या किंवा तिघांतल्या एकाला चांगलंच नैराश्य येत असे. झोप उडायची, चिडचिड व्हायची, लक्ष लागायचं नाही. काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार यायचे. इंजेक्शनं सुरू होण्याआधी माणूस ठीक, सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खचलेला आणि ती थांबली की बहुतेक वेळा हळूहळू पूर्ववत.

इथे माझं जुनं उत्तर चालेना. यकृत बिघडलेला माणूस काळजीने खचणारच, असं म्हणून पाहिलं. पण इंजेक्शन घेण्याआधीही त्याला तोच आजार आणि तीच काळजी होती. त्यात एमरी विद्यापीठाच्या गटाचा २००१ सालचा अभ्यास वाचला. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर इंटरफेरॉनचे मोठे डोस घेणारे जेमतेम ४० रुग्ण. अर्ध्यांना उपचाराच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्झेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी. नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना तीव्र नैराश्य आलं. औषध घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना. रुग्ण थोडे होते हे खरं. तरीही कोणत्या दिवशी टोचलं तर कोणत्या आठवड्यात माणूस खचू लागेल हे आधी सांगता यावं आणि आधीच औषध देऊन ते टाळताही यावं, हे मी कधी विचारात घेतलंच नव्हतं. प्रतिकारसंस्थेच्या या संदेशांमुळे ट्रिप्टोफॅन, म्हणजे सिरोटोनिन ज्यापासून बनतं ते अमिनो आम्ल, दुसऱ्याच वाटेला लागतं आणि त्यातून मेंदूला त्रासदायक द्रव्यं तयार होतात, हेही कळलं. माणसाची उमेद त्याच्या स्वतःच्या शरीरात रोज बनू शकणाऱ्या प्रथिनामुळे जाऊ शकते. त्यात विषाणूला काही करावं लागत नाही. विषाणूला उत्तर म्हणून शरीर जे बनवतं तेच इथे सुईने टोचलेलं होतं.

एकदा हे पटल्यावर साधा तापही वेगळा दिसायला लागला. तापात आपण पांघरूण ओढून पडून राहतो, अन्नावरची वासना जाते, कोणी बोलायला आलं तर नको वाटतं. हे सगळं विषाणू करतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात इंटरल्युकिन-१, टीएनएफ यांसारखे प्रतिकारसंस्थेचे संदेश मेंदूपर्यंत पोचतात. ते कधी पोटातून वर जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत पोचतात, तर कधी मेंदूच्या त्या थोड्या जागांमधून, जिथे रक्तवाहिन्यांची भिंत सैल असते. मेंदू त्या संदेशांनुसार वागणं बदलतो. हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं तापमान चढतं. पॅरासिटामॉल तिथेच आडवं येतं. उंदरांची व्हेगस नस कापली तर पोटात संदेश टोचूनही ते पूर्वीइतके मरगळत नाहीत. कॅलिफोर्नियातले पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं की आजारी जनावराचं गप्प पडून राहणं ही त्याची बरं होण्याची रीत आहे. जंतूशी झगडायला लागणारी ऊर्जा ते अशी वाचवतं. आपल्याकडे तापातून उठलेल्या माणसाला पेज-भात देऊन आठवडाभर निजवून ठेवणाऱ्या आज्या होत्या. मी त्याला लाड म्हणत असे.

आता प्रश्न असा की ताप उतरल्यावर हे वागणंही संपायला हवं. मग काहींच्या बाबतीत ते का संपत नाही?

याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला वेस्ट नाइल विषाणूवरच्या एका अभ्यासात मिळालं. सेंट लुइसमध्ये रॉबिन क्लाइन यांच्या गटाने तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांना या विषाणूच्या सौम्य प्रकाराची लागण केली. उंदीर वाचले, विषाणू गेला. पण गोल पटावर योग्य भोक शोधण्याच्या परीक्षेत ते मागे पडले. काल शिकलेली जागा आज त्यांना सापडेना. मेंदूत पाहिलं तर चेतापेशी बऱ्याचशा जागेवर होत्या. कमी झाले होते ते स्मृतीसाठी महत्त्वाच्या हिप्पोकॅम्पसमधले चेतापेशींचे परस्परांशी असलेले सांधे. ते कोणी काढले? मेंदूत राहणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींनी. या पेशी मूळच्या प्रतिकारसंस्थेच्या. स्पेनचे पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना नाव दिलं, आणि वाढत्या वयाच्या मेंदूतले नको असलेले सांधे काढून टाकण्याचं काम त्या एरवीही करतात. एखादा सांधा खायचा की ठेवायचा हे ठरवायला 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनं त्यावर खूण करतात. मी ती प्रथिनं जंतूंवर खूण करतात म्हणून शिकवते. इथे ती खूण स्वतःच्याच सांध्यांवर पडली होती, तण काढता काढता ऊसच उपटला जावा तशी. ज्या उंदरांमध्ये या साखळीतलं सी-३ हे प्रथिन बनतच नव्हतं, त्यांचे सांधे टिकले.

हे वाचलं तेव्हा मला रकान्याच्या डोक्यावरचे ते खोडलेले हातचे आठवले. उंदराच्या मेंदूवरून जावेच्या मेंदूबद्दल निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते आणि तो काढला नाही. पण "रिपोर्ट चांगले आलेत" या माझ्या वाक्यात काही दम उरला नाही. कोणत्या रिपोर्टमध्ये हे दिसणार होतं? रक्तात विषाणू नाही, फुफ्फुसं स्वच्छ, सीटी नॉर्मल. आणि सांधे गेलेले.

मग २०२२ मध्ये मिशेल मोंजे आणि अकिको इवासाकी यांच्या गटांचं काम आलं. मोंजे आधी केमोथेरपीनंतर कर्करोगाच्या रुग्णांना येणारा विसराळूपणा अभ्यासत होत्या. त्यांनी उंदरांना कोविडची अशी सौम्य लागण केली की ती श्वसनमार्गापुरतीच राहील. मेंदूत विषाणू सापडला नाही. तरीही मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या मायक्रोग्लिया चेतलेल्या होत्या, हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी कमी बनत होत्या, चेतातंतूंना मायलिनचं वेष्टण देणाऱ्या पेशी घटल्या होत्या. आणि हे लागणीनंतर सात आठवड्यांनीही. कोविडनंतर विसराळूपणाची तक्रार करणाऱ्या माणसांच्या रक्तात सीसीएल-११ हा संदेश अशी तक्रार नसलेल्यांपेक्षा जास्त आढळला, तोच उंदरांतही वाढलेला होता. केमोथेरपी आणि कोविड या दोन अगदी वेगळ्या गोष्टींनंतर मेंदूत इतकं मिळतंजुळतं दिसावं, हाच मला सगळ्यात मोठा पुरावा वाटला: दोन्हीकडे सारखी आहे ती प्रतिकारपेशींची चलबिचल.

वाचताना मला आणखी एक गोष्ट छळत राहिली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १९५५ मध्ये कर्मचाऱ्यांत एक आजार पसरला. दोनशेहून अधिक जण आजारी पडले, त्यात परिचारिका पुष्कळ. ताप, गाठी, स्नायूंचा अशक्तपणा, आणि काहींचा थकवा दीर्घकाळ गेलाच नाही. कारण सापडलं नाही. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं पाहून हा सामूहिक उन्माद असल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांनी एकाही रुग्णाला तपासलं नव्हतं. बायका जास्त होत्या, हा त्यांच्या युक्तिवादाचा भाग होता. विषाणूनंतर थकलेल्या माणसांकडे पुढे कित्येक वर्षं याच नजरेने पाहिलं गेलं. मी त्या निबंधाचं नावही ऐकलं नव्हतं, तरी जावेला दिलेलं माझं उत्तर त्याच्यापेक्षा फार निराळं नव्हतं. अशी मतं माणसापर्यंत वाचनातून येत नाहीत. ती हवेत असतात.

आपल्याकडची एक गोष्ट तर मला लहानपणापासून माहीत होती, फक्त तिचा अर्थ माहीत नव्हता. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं. ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ च्या सुमारास तयार केली होती. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, फिनॉलने मारायचा आणि ते मेंदूचं द्रव्य टोचायचं. रेबीजपासून तिने असंख्य जीव वाचवले. काही थोड्या माणसांना मात्र लशीनंतर पायांतली शक्ती जाऊन, शुद्ध हरपून भलताच आजार व्हायचा. विषाणू तर मेलेला होता. मेंढीच्या मायलिनविरुद्ध जागी झालेली प्रतिकारसंस्था माणसाच्या मायलिनवर चालून जात होती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात माकडांना निरोगी मेंदूचं द्रव्य वारंवार टोचून हे दाखवून दिलं. २००५ च्या सुमारास भारतात ही लस बंद झाली आणि पेशीसंवर्धनातून बनवलेल्या लशी दंडात घ्यायची पद्धत आली. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या आजाराची जी साथ आली, तिथेही जात हीच होती. फक्त सुरुवात लशीऐवजी बहुतांशी कॅम्पिलोबॅक्टर या पोटाच्या जिवाणूने झाली आणि मार मेंदूऐवजी हातापायांच्या नसांना बसला.

हर्पीसमुळे होणाऱ्या मेंदूज्वराबद्दल वाचून तर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. मूल असायक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाने बरं होतं, घरी जातं. काही आठवड्यांत पुन्हा बिघडतं: वागणं बदलतं, अगदी लहान मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. विषाणू परतला असं वाटतं. पण मेंदूतल्या पाण्यात तो नसतो. सापडतात ती मेंदूच्या स्वतःच्या रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं. बार्सिलोनाच्या जुसेप दालमाउ यांच्या गटाने रुग्णांचा पाठपुरावा केला तेव्हा २७ टक्क्यांमध्ये हा दुसरा आजार आढळला, बहुतेकांत दोन महिन्यांच्या आत. त्याला विषाणूचं औषध उपयोगी पडत नाही. प्रतिकारसंस्थेला आवर घालावा लागतो. हे ज्याला माहीत आहे तो डॉक्टर वेळेवर योग्य उपचार करतो. ज्याला माहीत नाही तो आईला सांगतो की आजारपणाने मूल हट्टी झालंय.

तरी सगळं खापर प्रतिकारसंस्थेवर फोडायला मी तयार नाही. नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ मध्ये सापडलेला विषाणू घ्या. पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. बारीक सँडफ्लाय माशी तो पसरवते. आंध्रात २००३ च्या साथीत ३२९ मुलांपैकी १८३ दगावली, बरीचशी एका-दोन दिवसांत. इतक्या वेगाने जाणाऱ्या आजारात विषाणूने किती केलं आणि शरीराने किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. जपानी मेंदूज्वरात मायक्रोग्लियाच्या माऱ्याने चेतापेशी मरतात हे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात दाखवलं गेलं, आणि तो मारा शमवणाऱ्या मिनोसायक्लिनने उंदीर वाचले. उत्तर प्रदेशात रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा मात्र तितका ठाम फायदा दिसला नाही. आणि रेबीज तर अगदी उलटं सांगतो. तो विषाणू इंटरफेरॉनचा आवाज बंद करतो, आणि माणूस मरतो तेव्हाही मेंदूत त्या मानाने सूज थोडी असते. तिथे प्रतिकारसंस्था वेळेत आत पोचली असती तर जीव वाचण्याची काही आशा असती.

कोविडनंतरच्या मेंदूच्या स्कॅनबद्दलही मी जपून बोलते. ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे लागणीच्या आधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले गेले. त्यांपैकी ४०१ जणांना मध्ये कोविड झाला होता. त्यांच्या मेंदूतला काही भाग थोडासा जास्त पातळ झालेला आढळला. पण ते मुख्यतः वासाशी जोडलेले भाग आहेत. वास गेला म्हणून तो भाग कमी वापरला गेला आणि रोडावला, असंही असू शकेल. १९१७ मध्ये व्हिएन्नात कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो यांनी वर्णन केलेला निद्राज्वर १९१८ च्या फ्लूमुळे आला असं आजही लोक सर्रास लिहितात. त्याचं कारण सिद्ध झालेलं नाही. आणि कोविडनंतर खचलेल्या कितीतरी माणसांनी घरातलं माणूस गमावलं होतं, रोजगार गमावला होता. त्यांचं दुःख प्रतिकारसंस्थेच्या संदेशांच्या खात्यावर टाकणं हाही त्यांच्यावर अन्यायच ठरेल.

मत बदलल्यावर सगळ्यात आधी माझ्या बोलण्यातून "प्रतिकारशक्ती वाढवा" हे गेलं. २०२० साली आमच्या घरातही काढे उकळले, आणि ते पिण्यात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण वाढवायची म्हणजे काय वाढवायचं? इंटरफेरॉन वाढलं की काय होतं ते हिपॅटायटिसच्या रुग्णांनी भोगलं आहे. कोविडच्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव वाचवणारं औषध म्हणून २०२० च्या जूनमध्ये सिद्ध झालं ते डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकारसंस्थेला आवरणारं स्टिरॉइड. शरीराला हवी असते ती वेळेवर सुरू होणारी आणि वेळेवर थांबणारी प्रतिक्रिया. लस मला आता म्हणूनच पूर्वीपेक्षा मोलाची वाटते: लस घेतलेल्या शरीराला शत्रूची ओळख असते, त्यामुळे त्याला आंधळेपणाने आणि लांबलचक झगडावं लागत नाही.

जावेकडे मी गेले आणि माझं आधीचं म्हणणं मागे घेतलं. ती बराच वेळ बोलली. रात्री किती वेळ जाग येते, स्वयंपाक करताना दोन गोष्टी एकदम का जमत नाहीत, पतपेढीत कोणाला न कळता ती काय काय लिहून ठेवते. एका न्यूरॉलॉजिस्टने तिला तपासलं, जीवनसत्त्व आणि थायरॉइड पाहिलं, आणि काम टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगितलं. थकवा येण्याआधी थांबायचं, आल्यावर नाही. पतपेढीने तिला काही महिने रोजकीर्दीऐवजी दुसरं काम दिलं. आज ती पुष्कळ सुधारली आहे. काळाने की विश्रांतीने, हे मी सांगू शकत नाही. कॉलेजात डेंग्यू किंवा चिकनगुन्यातून उठलेली मुलं आता मला सांगतात की वाचलेलं डोक्यात राहत नाही. तेव्हा मी त्यांना प्रॅक्टिकलची तारीख पुढची देते आणि अभ्यास तुकड्यातुकड्यांनी करायला सांगते. विभागातल्या सहकाऱ्यांना यात ढिलाई वाटते. त्यांच्याशी माझे वाद होतात आणि होत राहतील.

सध्या घरात वेगळंच बोलणं चालू आहे. सासूबाईंना नागिणीची लस द्यायची का? वेल्समध्ये २०१३ साली ही लस देताना एक तारीख ठरवली गेली: २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळेल, त्याआधीच्यांना नाही. त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने जन्मलेल्या, बाकी सगळ्या बाबतींत सारख्या माणसांची तुलना करता आली. लस घेणाऱ्यांत पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी निघालं, आणि बायकांमध्ये फरक जास्त होता. नागीण ज्याच्यामुळे होते तो दडून बसलेला कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठला नाही म्हणून हे झालं, की लशीने प्रतिकारसंस्थेची घडीच बदलली म्हणून, हे अजून उलगडायचं आहे. शिवाय वेल्समधली लस जुनी, जिवंत विषाणूची होती. आपल्याकडे आता मिळते ती निराळी, आणि महाग. मोठे दीर म्हणतात, एवढे पैसे कशाला? मी त्यांना म्हटलं, नागीण टाळण्यासाठीच ती घ्यावी, त्याबद्दल शंका नाही. मेंदूचं जे म्हणतात ते खरं निघालं तर वरकड. सासूबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आहेत. दंडात की पोटात, एवढंच त्यांनी विचारलं.